कीटक नव्हे, कोळी!

नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पामच्या पानांवर मला पांढरे बारीक ठिपके दिसले. मी ते रुमालाने पुसले. ते पुसले गेले नाहीत. तिथेच मी शहाण्यासारखा डबा उचलून ऑफिसला गेलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी चष्मा काढला, चष्मा पुसला, परत घातला आणि परत पाहिलं. माझी ही सवय जुनीच आहे. संकट नीट दिसत नसेल तर मी ते नीट दिसेल अशी व्यवस्था करतो.

नाना म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. चुका शोधणं हा त्यांचा पेशा, आणि लग्नाला बावीस वर्षं झाली तरी माझं मुद्रित त्यांनी अजून छपाईला सोडलेलं नाही. ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा सामान काय, तर कपड्यांची एक पिशवी आणि नऊ कुंड्या. "माणसं शेजाऱ्यांना हाक मारू शकतात. झाडांनी कोणाला मारायची?" असं म्हणून त्यांनी आमच्या दिवाणखान्यातली टीपॉय बाहेर काढायला लावली. त्या नऊ कुंड्यांतला पाम माझ्यापेक्षा चार बोटं उंच. तो सासूबाईंनी लावलेला, अकरा वर्षांपूर्वी. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. नाना रोज सकाळी चहाच्या आधी पामजवळ उभे राहायचे आणि त्याच्या फांद्या हाताने मोजायचे. नऊ भरल्या की चहा घ्यायचे.

ऑपरेशन चांगलं झालं, पण डोळ्याला थोडी सूज राहिली. म्हणून डॉक्टरांनी त्यावर सात आठवडे प्लास्टिकची वाटी बसवली. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा होता. त्या डोळ्याने त्यांना माणूस आणि कपाट यांतला फरक माणूस हलला तरच कळायचा. मी फारसा हलत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी दोनदा माझ्या खांद्यावर ओला टॉवेल वाळत घातला.

"हे बघा," बायको म्हणाली. ती शाळेत शिकवते आणि तिच्या परीक्षा चालू होत्या, त्यामुळे घरातही ती मला वर्गातल्यासारखंच सांगत होती. "नानांच्या डोळ्यात धूळ जाता कामा नये, त्यांनी वाकता कामा नये आणि त्यांना कसलाही ताण येता कामा नये. खिडक्या बंद ठेवा. झाडं तुमच्याकडे."

"झाडांचं मला काय कळतं?"

"पाणी घालायचं. त्यात कळायचंय काय?"

पाचव्या दिवशी पामच्या दोन फांद्यांच्या मध्ये जाळं दिसलं. अगदी तलम, श्वास लागला तरी हलणारं. मला एकदम हायसं वाटलं. जाळं म्हणजे कोळी, आणि कोळी म्हणजे झाडू! मी जाळी काढायचा लांब दांड्याचा झाडू घेतला आणि पलंगाखाली, कपाटामागे, पंख्याच्या पात्यांवर, सगळीकडे शोध घेतला. बाथरूमच्या कोपऱ्यात एक भलामोठा कोळी सापडला. तो बिचारा तिथे कित्येक महिने कोणाच्या अध्यातमध्यात न पडता राहत होता. त्याचा निकाल लावून मी घाम पुसत बाहेर आलो.

"काय शोधताय?" नानांनी खुर्चीतूनच विचारलं.

"किल्ली," मी म्हणालो. ताण येता कामा नये ना!

"पंख्यावर?"

दुसऱ्या दिवशी पामवर तीन जाळी होती आणि क्रोटनवर एक.

शेवटी मुलीने लक्ष घातलं. ती कॉलेजात जाते आणि मला काही समजावायचं असेल तर आधी एक सुस्कारा सोडते. तिने पानाखाली पांढरा कागद धरला आणि पानावर टिचकी मारली. कागदावर मिरपुडीसारखे कण पडले. "आता बघा," ती म्हणाली. मी बघितलं. मिरपूड चालायला लागली.

"लाल कोळी," मुलगी फोनमध्ये बघून म्हणाली. "पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतात. गरम, कोरडी, बंद हवा त्यांना फार आवडते."

"म्हणजे कोळीच ना! मी म्हटलंच होतं."

"बाबा, कोळी म्हणजे ते नेहमीचे कोळी नव्हेत. हे वेगळे कोळी. ते कोळी यांना खातात."

बाथरूमचा कोपरा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी विषय बदलला.

संध्याकाळी ऑफिसमधून येताना औषधाच्या दुकानात गेलो. दुकानात गर्दी होती आणि गर्दीत मला मोठ्याने बोलता येत नाही.

"कोळ्यांवर काही आहे का?" मी हळूच विचारलं.

"कुठे चावलाय?"

"पानाला."

"मानेला? दाखवा."

"मानेला नव्हे, पानाला. आणि एक नाही, शेकडो आहेत."

दुकानदाराने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "रात्रीची झोप लागते का?" त्याने विचारलं. मी एक खाज कमी करणारं मलम घेऊन घरी आलो. ते का घेतलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मागे रांग होती.

आमच्या समोरच्या घरात एक वहिनी राहतात. त्यांना दाराच्या फटीतून सगळं कळतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, साबणाचं पाणी. माझ्या आईचा उपाय आहे." किती साबण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण पुरुषाला भांड्यांचा साबण वापरता येत नाही असं समोरच्यांना वाटायला नको. मी बादलीत अर्धी बाटली ओतली. नऊ झाडं न्हाऊन निघाली, दिवाणखान्यात घोटाभर फेस झाला आणि त्या फेसात माझा पाय सरकून मी क्रोटनला मिठी मारून बसलो.

"आज घरात लिंबाचा वास कसला?" नाना म्हणाले.

"भांडी घासतोय."

"दिवाणखान्यात?"

नानांच्या प्रश्नांची हीच तऱ्हा. एकाच शब्दाचे, आणि नेमके दुखऱ्या जागी.

जास्त साबणाने क्रोटनची पानं करपली. लाल कोळी मात्र चार दिवसांत ताजेतवाने होऊन परत कामाला लागले. (त्यांची अंडी साबणाने मरत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.) मग मी कुंड्या जिन्यात नेऊन ठेवायचं ठरवलं. नानांचा दुपारचा डोळा लागल्यावर एकेक करून आठ कुंड्या नेल्या आणि शेवटी पाम. त्याच्या दोन फांद्या अगदी जाळ्यांनी भरल्या होत्या, त्या काळजावर दगड ठेवून कापल्या. मुलीने शेजाऱ्यांनी हात लावू नये म्हणून कठड्याला एक कागद चिकटवला: 'लागण झाली आहे. जवळ येऊ नये.' खाली आमच्या घराचा क्रमांक घातला. अक्षर सुंदर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नेहमीप्रमाणे उठले आणि पामच्या जागेकडे चालायला लागले. पाम जिन्यात! बायको स्वयंपाकघरातून डोळ्यांनीच मला काहीतरी सांगत होती. ते 'करा काहीतरी' होतं की 'थांबा, तुमच्याकडे नंतर बघते' होतं, हे कळायला वेळ नव्हता. हाताशी तो जाळी काढायचा झाडू होता. मी तो उभा धरला.

नानांनी हात पुढे केला. झाडूच्या काड्यांवरून हळूच फिरवला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"फार वाळलाय हो," ते शेवटी म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला स्वतःची शरम वाटली. "पाणी घाला याला."

मी एका हाताने झाडू धरला आणि दुसऱ्या हाताने तांब्या. फरशीवर पाणी पडलं. आवाज तर झाडाला पाणी घातल्यासारखाच आला. नाना वळले आणि चहा न घेता खुर्चीत जाऊन बसले. वाटी निघेपर्यंत ते पुन्हा पामच्या जागेकडे गेले नाहीत. त्या दिवशी मी ऑफिसात काय काम केलं, मला आठवत नाही.

इकडे कठड्यावरचा कागद आपलं काम चोख करत होता. दूधवाल्याने पिशव्या खालच्या मजल्यावर ठेवायला सुरुवात केली. वहिनींनी दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. तिसऱ्या दिवशी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तोंडाला रुमाल बांधून आले आणि चार पायऱ्या खालीच उभे राहिले.

"घरात कितीजणांना आहे?" त्यांनी विचारलं.

"नऊजणांना," मी म्हणालो. मला वाटलं, ते झाडांचं विचारताहेत.

"नऊ? तुम्ही तर चौघेच आहात!"

"सासऱ्यांनी येताना आणली."

सेक्रेटरी आणखी दोन पायऱ्या उतरले. "डॉक्टरांना दाखवलं?"

"मुलीने फोनवर बघितलं. एकाचे दोन भाग कापून टाकावे लागले."

यानंतर ते घाईघाईने निघून गेले. दुपारी आरोग्य खात्याच्या बाई हातात वही घेऊन दारात हजर. आता काहीतरी घोटाळा झालाय एवढं माझ्याही लक्षात आलं. मी त्यांना पाम दाखवला. त्यांनी पाम पाहिला, कागद वाचला, मग मला पाहिलं. "साहेब," त्या म्हणाल्या, "मी तीन मजले चढून आलेय." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते माझ्याबद्दल होतं. सेक्रेटरींनी संध्याकाळी जिन्यात खाजगी वस्तू ठेवल्याबद्दल नोटीस दिली आणि माणुसकी म्हणून सोबत झुरळांच्या औषधाचा आपला स्वतःचा डबाही दिला. मी कुंड्या गच्चीवर नेल्या आणि तो डबा त्यांच्यावर रिकामा केला. आठवड्याभरात लाल कोळी दुप्पट झाले.

आता सरकारदरबारी जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी अर्धा दिवस रजा काढून पीकसंरक्षण सल्ला केंद्रात गेलो. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक पान, पिशवीला दोन गाठी. 'कीटक' असं लिहिलेल्या खिडकीवर एक सडपातळ गृहस्थ होते. त्यांनी पिशवी उजेडात धरली.

"हे आमच्याकडे येत नाही," ते म्हणाले.

"का?"

"पाय मोजा. आठ. कीटकाला सहा असतात. हा कीटक नव्हे, कोळी."

"मग कोळ्यांची खिडकी कुठली?"

"कोळ्यांना खिडकी नाही. पीक कोणतं?"

"पाम. शोभेचा. कुंडीतला."

"क्षेत्र किती हेक्टर?"

मी हातांनी कुंडीचा आकार करून दाखवला. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाले, "लिहून द्या. तुमची तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवली जाईल."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आहे. हे वाक्य मी रोज साठ माणसांना लिहून पाठवतो. एकोणीस वर्षं पाठवतोय. ते माझ्याकडे बघून म्हटलं जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि ऐकायला ते इतकं वाईट असेल याची मला खरंच कल्पना नव्हती. मी तिथल्या बाकावर बसलो आणि अर्जात 'क्षेत्र' या रकान्यापुढे काय लिहावं, याचा विचार करत राहिलो. मला ताण आला होता. तो येता कामा नये, असं माझ्याबद्दल कोणी म्हटलेलं नव्हतं.

"काय झालंय पामला?" शेजारी कोणीतरी विचारलं. पांढरा कोट घातलेल्या एक बाई डबा धुऊन परत चालल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या असाव्यात. मी त्यांना सगळं सांगितलं. रुमाल, साबण, करपलेलं क्रोटन, झुरळांचा डबा. झाडूचं सांगणार नव्हतो, पण तेही सांगून टाकलं.

झुरळांच्या डब्याशी त्यांनी डोळे मिटले. "त्याने यांना काही होत नाही. यांना खाणारे तेवढे मेले. म्हणून हे वाढले."

"मग आता?"

"धुवा. साध्या पाण्याने, जोरात, पानांच्या खालून. दर पाच दिवसांनी, तीन वेळा. हवा जरा ओलसर ठेवा." मग त्या आत गेल्या आणि कागदाची एक छोटी पुडी घेऊन आल्या. "आणि हे सोडा. मित्रकोळी. हे त्यांना खातात. यांच्यावर मात्र काहीही फवारायचं नाही."

पुडीत काय होतं? मिरपूड. तीही चालत होती.

मी तीन वेळा धुतलं. हातात गच्चीचा पाइप, खाली वाकलेला मी, वर ऊन. समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत येऊन बघायचे. तिसऱ्या धुण्यानंतर पानं वाळू दिली आणि पुडी उघडून मित्रकोळी सोडले. आता गच्चीवर दोन पक्ष होते, आणि त्यांतले आपले कोण हे मला कळत नव्हतं. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे आपले जरा भरभर चालतात. मी भिंग घेऊन तासभर बसलो. एक भरभर चालणारा दिसला. मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. तेवढ्यात तो एका हळू चालणाऱ्याला पाहून उलटा पळाला. त्यानंतर मी भिंग ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येऊन बघतो तर गच्चीवर वहिनी! हातात फवाऱ्याची बाटली आणि चेहऱ्यावर समाधान.

"भाऊजी, तुमची धडपड बघवेना हो. सगळी झाडं साबणाने स्वच्छ करून टाकली. या वेळी साबण बेताचा घातलाय."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांना तो आनंद वाटला. "आभार कसले त्यात," असं म्हणून त्या गेल्या. मी पांढरा कागद आणला, पानाखाली धरला, टिचकी मारली. काहीही पडलं नाही. दुसरं पान, तिसरं पान. कागद कोरा. मित्रही नाहीत, शत्रूही नाहीत.

मी दहा दिवस रोज कागद धरत होतो. अकराव्या दिवशी पामच्या मधून हिरवंगार टोक वर आलेलं दिसलं, गुंडाळलेल्या छत्रीसारखं. क्रोटन मात्र गेलं ते गेलंच.

नानांच्या डोळ्यावरची वाटी निघायची त्या दिवशी मी सकाळीच सगळ्या कुंड्या खाली आणून जागच्या जागी ठेवल्या. कुंड्या आठ, पामच्या फांद्या सात. मी दोन वाक्यं पाठ केली होती. 'नाना, चूक माझी आहे. आमच्याच घरात काहीतरी होतं, त्याची तुमच्या झाडांना बाधा झाली.' बायको म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका, मी बोलते." मुलगी म्हणाली, "कोणीच बोलू नका."

नाना दवाखान्यातून आले. काळा चष्मा काढून दारातच उभे राहिले. भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग पामकडे. त्यांनी हात पुढे केला नाही. नुसतं बघत राहिले, इतका वेळ की मला माझी दोन्ही वाक्यं विसरायला झाली.

"हिरवा आहे," ते म्हणाले.

"आँ?" मी म्हणालो.

"हा हिरवा आहे हो." आता ते पुढे झाले. एक पान उलटं केलं, दुसरं केलं. "तुमच्या सासूबाई आजारी होत्या ना, तेव्हापासून हा मला फिका दिसायला लागला. ठिपक्याठिपक्यांचा, पिवळट. मला वाटलं, माझे डोळे गेले. सगळंच पिवळं दिसत होतं, त्यात हाही. म्हणून झाडाला काही झालंय असं मनातही आलं नाही. आणि डोळ्यांचं कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही लोकांनी मला एकट्याला राहू दिलं नसतं."

बायको डोळे पुसायला पदर नसलेल्या खांद्याशी उगाच चाचपडत राहिली.

म्हणजे ते कोळी आमचे नव्हतेच! दोन वर्षांहून जास्त ते नानांकडे राहत होते आणि नानांबरोबरच आमच्याकडे आले होते. सात आठवडे मी ज्या गुन्ह्याच्या ओझ्याखाली वावरत होतो तो गुन्हा मी केलेलाच नव्हता. मला राग यायला हवा होता. मी तो शोधत होतो, पण तोही सापडत नव्हता.

"काहीतरी लागलं होतं ना याला?" नानांनी विचारलं.

"लाल कोळी," मुलीने सांगून टाकलं.

"मग गेले कशाने?"

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. पाण्याने म्हणावं, तर पुडीतल्या कोळ्यांवर अन्याय. पुडीने म्हणावं, तर वहिनींचा साबण. साबणाने म्हणावं, तर पहिल्या वेळी का नाही?

"माहीत नाही, नाना," मी म्हणालो.

नाना पामला सोडून माझ्याकडे वळले. त्या एका नव्या डोळ्याने त्यांनी मला वरपासून खालपर्यंत सावकाश, ओळ न ओळ तपासलं. बावीस वर्षांच्या अनुभवाने मी मान खाली घातली.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमचे केस कधी हो पांढरे झाले?"

"गेल्या सात आठवड्यांत," मी म्हणालो.